सार्वजनिक उपद्रव : मालमत्ता, आरोग्य व कायद्याची व्याख्या

प्रस्तावना :
रिकाम्या भूखंडावर साचलेले सांडपाणी किंवा कुजणारा कचरा खाजगी जागेत असला, तरी त्यातून निर्माण होणारे डास व दुर्गंधी कुंपणाच्या आत राहत नाहीत. मालकी हक्क कोठे थांबतो हे ठरविणारी कायदेशीर संकल्पना म्हणजे 'सार्वजनिक उपद्रव' होय. प्रस्तुत लेखात तिच्या व्याख्येचे विवेचन केले आहे.

व्याख्या व घटक :
भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम २६८ मधील व्याख्येचा आशय १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये कायम आहे. जनतेस किंवा परिसरातील रहिवाशांस सामाईक इजा, धोका वा त्रास पोहोचविणारी कृती अथवा अवैध अकृती म्हणजे सार्वजनिक उपद्रव. यातील तीन घटक महत्त्वाचे आहेत. पहिला, त्रास सामाईक असावा. एकाच शेजाऱ्यास होणारा त्रास हा खाजगी उपद्रव असून त्यासाठी दिवाणी दाद मागावी लागते. दुसरा, कायद्याने सोपविलेले कर्तव्य न करणे हीदेखील उपद्रवाची कृतीच ठरते. तिसरा, उपद्रवापासून काहींची सोय किंवा लाभ होतो, हा बचाव चालत नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील व्याख्या याहून व्यापक आहे. तीत कृतीबरोबरच 'जागा' व 'वस्तू' यांचाही समावेश असून, अपाय होण्याचा संभव असणेही पुरेसे मानले आहे. म्हणजेच रोग पसरेपर्यंत प्रशासनाने थांबण्याची आवश्यकता नाही.

रतलाम निकाल :
रतलाम नगरपरिषद विरुद्ध वर्धीचंद (१९८०) या खटल्यात रहिवाशांनी उघडी गटारे व शौचालयांचा अभाव यांविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. निधी नसल्याची नगरपरिषदेची सबब सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या या निकालाने अवैध अकृतीचा घटक स्थानिक संस्थेलाही लागू झाला.

निष्कर्ष :
कायद्याची कसोटी मालकीची नसून परिणामाची आहे. इतरत्र शिक्षेची तरतूद नसलेल्या उपद्रवास न्याय संहितेच्या कलम २९२ नुसार कमाल एक हजार रुपये दंड आहे. त्यामुळे केवळ शिक्षेने उपद्रव दूर होईल असे नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खालील उपद्रव हटविण्याचा सशर्त आदेश हाच नागरिकांच्या हाती असलेला अधिक परिणामकारक उपाय होय.