माळ राखायचा तर गवतात वाटा हवा

नगरची सावेडी आता पुरती उपनगर झाली आहे. मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या, मंगल कार्यालयं, दवाखाने. मोकळी जागा म्हटलं की इथे प्लॉटच डोळ्यांपुढे येतो. पण वांबोरी रस्त्याने डोंगरगणकडे निघालं की घरं विरळ होतात आणि या जिल्ह्याचं मूळ रूप दिसू लागतं : मुरमाड उतार, हेकळ, बोरी-बाभळी आणि पावसाळा सरताच सोनेरी होणारं गवत. अकोले तालुक्याचा डोंगरी पट्टा सोडला तर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेतला. वाळवंट नसलं तरी आपलं रखरखीत मोकळं रान हेच, आणि ते राखायची धडपड इथे गेली पन्नास वर्षं चालू आहे.

१९७२ च्या दुष्काळापासून हा हिशेब मांडायला हवा. त्या साली माणसं खडी फोडायला गेली आणि दावणी रिकाम्या झाल्या. गावोगावचे डोंगर आधीच उघडे पडत चालले होते, दुष्काळाने उरलीसुरली झाडंही चुलीत गेली. १९७५ नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाचं काम उभं राहिलं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द त्यानंतर जिल्ह्यात घराघरांत पोचले.

त्याच सुमारास सरकारही माळाकडे वळलं, पण नकाशा घेऊन. १९७९ मध्ये माळढोकासाठी नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. हेतू चांगला होता. माळढोकासारखा मोठा, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी मोकळ्या रानाशिवाय जगत नाही. पण त्या रेषेच्या आत शेतं आली, वस्त्या आल्या, अख्खी गावं आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या पक्ष्याला शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेजारी मानत होते, तो त्यांना अडचण वाटू लागला. पुढे हे क्षेत्र कमी होत बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. आता माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीची गोष्ट वेगळी. १९८० चं हे काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं, तरी काळवीट तिथे टिकलं. आवाका लहान असला की राखण खरी होते, असं मला रेहेकुरीकडे पाहून वाटतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते हिवरे बाजारने. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गावाच्या डोंगरावर ना गवत होतं ना माती. वनखात्याच्या जमिनीवर गावाने खात्याबरोबर काम केलं, श्रमदानातून समतल चर खोदले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. १९९५ च्या पाहणीत १८२ पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, यावरून सुरुवात कुठून झाली ते कळेल.

हिवऱ्याच्या चराईबंदीत एक बारकावा आहे. जनावर डोंगरावर सोडायचं नाही, पण गवत मात्र गावाचंच. ठरलेली फी भरायची, विळ्याने कापायचं आणि भारा डोक्यावर घरी आणायचा. जूनमध्ये फुटलेला कोंब जनावरं पुन्हा पुन्हा खुडत राहिली की त्या ठोंबाला फुलोरा येत नाही, बी पडत नाही, आणि दोन-चार वर्षांत पवन्या, डोंगरी, मारवेल ही चांगली गवतं जाऊन नुसती कुसळी उरते. जनावरांच्या खुरांनी माती सुटते ती निराळीच. बी झडू दिलं आणि मग कापलं तर तेच गवत दर वर्षी येतं, त्याच्या मुळांशी माती थांबते, मातीत पाणी मुरतं. गोठ्यात चारा आला, तसा दूधधंदा वाढला. माळ राखण्यात प्रत्येक घराचा वाटा होता, म्हणून पहाऱ्याला फार माणसं लागली नाहीत.

याची किंमतही कोणीतरी मोजली, ते सांगायलाच हवं. चराईबंदीचा पहिला घाव बसतो तो शेळ्या-मेंढ्यांवाल्यांवर. ज्याला जमीन नाही, विहीर नाही, त्याची सगळी मिळकत पायांवर चालणारी. चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव आता या जिल्ह्याला आहे. त्या जिल्ह्यात मेंढपाळांच्या फिरत्या वाड्यांचे जुने मार्ग एकामागून एक बंद होताना पाहून मला वाईट वाटतं. डोंगराचं एक अंग बंद ठेवायचं, तेव्हा दुसरं चराईला मोकळं ठेवायचं, आणि हे मेंढपाळांना सोबत बसवून ठरवायचं, याला पर्याय नाही.

दुसरी चूक झाडांच्या हौसेची. गवताळ माळ सरकारी दप्तरात पडीक ठरला, मग तो हिरवा करायला गिरिपुष्प, सुबाभूळ ही झाडं लावली गेली. सावली झाली, पण गवत खाली दबलं आणि मोकळ्या रानातल्या चंडोल, धाविक या पक्ष्यांची जागा गेली. अलीकडे विचार बदलतोय. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर आता लोक लांडगा, चिंकारा बघायला जातात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण दिले आहेत, त्यामुळे गायरानावर बी फेकायचं तर ते इथेच हाताशी आहे.

आज गायरानासमोर नवा प्रश्न उभा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तरी ती जमीन आक्रसतच गेली. आता सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानं मागितली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे मलाही हवं आहे; रात्रीच्या पाळीला विंचू-सापाच्या भीतीने पाणी भरणाऱ्यांचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. पण पॅनेल कुठल्या सर्व्हे नंबरवर बसणार, हे ठरण्याआधी ग्रामसभेत चाऱ्याचा ताळेबंद मांडला जावा. हिवरे बाजार दर वर्षी पाण्याचा मांडतं, तसाच. गावात जनावरं किती, त्यांना किती महिने चारा पुरतो, मेंढ्या कुठून जातात, कोणत्या तुकड्यावर अजून पवन्या उगवतो. तो तुकडा सोडून बाकीच्या खडकाळ जागेची चर्चा व्हावी.