खेळाचा कारभार आणि विद्यार्थ्याची उमेदवारी

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खेळाडू उभा राहतो. फार तर त्याचा गुरू, नाही तर पंच. सामना तीन तासांत संपतो, टाळ्या वाजतात, आपण घरी येतो. परंतु त्या तीन तासांच्या मागे कित्येक आठवड्यांचे काम उभे असते, याचा विचार क्वचितच कोणी करतो. मैदान मिळवावयाचे, पोलिसांची परवानगी काढावयाची, तिकिटांचे दर ठरवावयाचे, पाहुण्या संघाची उतरण्याची सोय करावयाची, विमा उतरवावयाचा, जाहिरातदारांशी करार करावयाचे, पिण्याच्या पाण्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सर्व काही वेळेवर हजर ठेवावयाचे, आणि शेवटी पैशापैशाचा हिशेब द्यावयाचा. हे काम कोण करतो आणि तो ते कोठे शिकतो? हाच आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच होते : मानद चिटणीस. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी संस्थेत येणारा, प्रसंगी पदरचे पैसे घालणारा, सर्व व्यवहार एका वहीत आणि बराचसा स्वतःच्या डोक्यात ठेवणारा हा मनुष्य आपल्या क्रीडाजीवनाचा खरा आधारस्तंभ होय. १९०६ साली पुण्यात निघालेला डेक्कन जिमखाना किंवा १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या संस्था अशाच कार्यकर्त्यांच्या कष्टांवर वाढल्या. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, ती काही कोणी व्यवस्थापनाची पदवी घेतली होती म्हणून नव्हे. या सेवाभावाचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही.

परंतु या पद्धतीत एक उणीव आहे. चिटणीस थकला की त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. वही मागे राहते, पण ती वाचणारा राहत नाही. शिवाय कामाचे स्वरूपच आता पालटले आहे. २००८ साली क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग आणि २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासून प्रक्षेपणाचे हक्क, खेळाडूंचे करार, मोठी गर्दी आणि मोठा पैसा हे शब्द खेळाच्या अंगणात कायमचे येऊन बसले. आणि गर्दीचा हिशेब चुकला तर काय होते, ते ४ जून २०२५ रोजी बंगळूरला विजयोत्सवाच्या वेळी स्टेडियमबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत ११ माणसे दगावली तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. खेळाचा कारभार हे केवळ कारकुनी काम नव्हे. त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

हाच प्रश्न अमेरिकेत सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एका क्लबच्या मालकाला पडला होता. ब्रुकलिन डॉजर्स हा बेसबॉलचा नामांकित संघ. त्याचे प्रमुख वॉल्टर ओ'मॅली हे पेशाने वकील. त्यांच्या संघाचे जुने मैदान १९१३ सालचे, जेमतेम ३२,००० प्रेक्षकांचे. नव्या मैदानाच्या खटपटीत ते होते. १९५७ साली त्यांनी मायामी विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक जेम्स मेसन यांच्यापुढे पत्रातून एक साधा प्रश्न मांडला. त्याचा आशय असा की, स्टेडियम, शर्यतीचे मैदान किंवा मोठे सभागृह चालविण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य हवा असेल, तर तो कोणत्या शाळेत शोधावा? त्या वेळी याचे उत्तर ‘कोठेही नाही’ हेच होते. पुढच्याच वर्षी डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६२ साली त्याचे ५६,००० आसनांचे नवे स्टेडियम उघडले. तिकडे मेसन यांनी मात्र तो प्रश्न सोडला नाही. १९६६ साली ओहायो विद्यापीठात, अथेन्स नावाच्या लहानशा गावी, क्रीडाप्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९७१ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने तोच मार्ग धरला. युरोपात १९९५ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे विद्यापीठ, शहर, प्रांत आणि फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यांनी मिळून क्रीडा-अध्ययनाचे एक केंद्र काढले. या केंद्राच्या २००० साली सुरू झालेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी इंग्लंडमधील लेस्टर येथे खेळाचा इतिहास, मिलान येथे व्यवस्थापन आणि न्यूशातेल येथे कायदा शिकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा विषय विद्यापीठाच्या ग्रंथालयात जन्मलेला नाही. तो मैदानाच्या गरजेतून जन्मला. त्यामुळे पहिल्यापासूनच या शिक्षणात वर्गाबरोबर उमेदवारीला जागा मिळाली. इंटर्नशिप हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. पूर्वी आपण जिला उमेदवारी म्हणत असू तीच ही.

वर्ग आणि मैदान यांना एकमेकांची गरज का पडते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. टर्नस्टाइल म्हणजे एका वेळी एकच मनुष्य आत सोडणारे फिरते दार. ब्रिटनमधील क्रीडामैदानांच्या सुरक्षिततेविषयीची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात अशा एका दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरावीत असे सांगितले आहे. समजा, आपल्या मैदानावर १२,००० प्रेक्षक येणार आहेत आणि दारे १० आहेत. म्हणजे तासाला ६,६०० माणसे आत येतील आणि सर्वांना आत घेण्यास पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. दारे दोन तास आधी उघडली की झाले, असे विद्यार्थी कागदावर लिहील आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. परंतु मैदानावर काय घडते? निम्मे लोक शेवटच्या अर्ध्या तासात येतात. त्या अर्ध्या तासात ६,००० माणसे दाराशी येणार आणि आत जाणार फक्त ३,३००. म्हणजे खेळ सुरू होतो त्या क्षणी २,७०० माणसे बाहेर उभी, आणि आतून आरोळी ऐकू येताच ती पुढे रेटा देणार. लोक उशिरा येतात ही गोष्ट पुस्तक सांगत नाही, ती दारावरचा जुना माणूस सांगतो. त्या उशिराचा आकडा काय आणि त्यावर उपाय काय, हे मात्र त्या जुन्या माणसाने कधी मांडलेले नसते. दोघे एकत्र बसले म्हणजेच उत्तर निघते.

क्रीडासंस्था आणि विद्यापीठ यांचे हे सहकार्य साधारणपणे चार प्रकारचे असते. पहिला प्रकार उमेदवारीचा : एक विद्यार्थी काही महिने संस्थेत जातो, त्याच्यावर संस्थेतील एक अनुभवी मनुष्य आणि कॉलेजातील एक अध्यापक अशा दोघांची नजर असते, तो रोजची नोंदवही ठेवतो आणि शेवटी त्याची परीक्षा होते. दुसरा प्रकार वर्गाने घेतलेल्या प्रश्नाचा : प्रेक्षक का घटले, वर्गणीदार दुसऱ्या वर्षी पुन्हा का येत नाहीत, मुलींची संख्या कोणत्या वयापासून ओसरते, असा एखादा प्रश्न संस्था वर्गापुढे ठेवते. विद्यार्थी प्रेक्षकांना भेटून माहिती गोळा करतात आणि लेखी अहवाल देतात. तिसरा प्रकार सामन्याच्या दिवशीच्या मदतीचा. चौथा, जुन्या विद्यार्थ्यांचा : जे शिकून बाहेर पडले आणि आता संस्थांत काम करतात, ते नव्या मुलांना शिकवावयास येतात आणि कामावरही घेतात. आमच्या मते या चारांत दुसरा प्रकार सर्वांत कमी खर्चाचा असून लहान गावांना सर्वांत सोयीचा आहे. आणि तिसऱ्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवावे लागते.

लक्ष का ठेवावे लागते? कारण सहकार्याच्या नावाखाली फुकट मजूर मिळविण्याचा मोह येथे फार मोठा असतो. खेळाचे आकर्षण असे असते की नामांकित संघाचा सदरा अंगात घालावयास मिळतो एवढ्यावरच तरुण मनुष्य दिवसभर उन्हात उभा राहतो. खुर्च्या मांडणे, पाण्याच्या बाटल्या वाटणे, पाहुण्यांची वाट पाहत दाराशी थांबणे, यांतही शिकण्यासारखे काही असते, नाही असे नाही. पण ते दोन दिवसांत शिकून होते. दोन महिने तेच काम करून घेतले, तर त्याला उमेदवारी न म्हणता वेठ म्हणावे लागेल.

या प्रश्नाचा खल अमेरिकेतील न्यायालयांनी केलेला आहे. १९४७ साली एका रेल्वे कंपनीच्या शिकाऊ माणसांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो स्वतःच्या फायद्यासाठी शिकत आहे आणि ज्याच्यापासून मालकाला तात्काळ लाभ नाही, तो नोकर ठरत नाही. पुढे चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या उमेदवारांनी दावा लावला, तेव्हा २०१५ साली अपील न्यायालयाने कसोटी अशी घालून दिली की, या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा होतो ते पाहावे. २०१८ साली अमेरिकेच्या कामगार खात्यानेही तीच कसोटी स्वीकारली. आपल्याकडे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने शिकाऊ माणसाला विद्यावेतन द्यावे हे तत्त्व मान्य केलेले आहे. परंतु कॉलेजातून जाणारा प्रत्येक विद्यार्थी त्या कायद्याच्या कक्षेत येतोच असे नाही. यास्तव कायद्याची वाट न पाहता ‘मुख्य लाभ कोणाचा?’ हा प्रश्न आपणच विचारावयास शिकले पाहिजे.

त्यात आणखी एक सामाजिक अन्याय दडलेला आहे. मोठ्या संस्था मोठ्या शहरांत असतात. मुंबईत सहा महिने बिनपगारी राहणे ज्याला परवडते, त्याच्याच नावावर अनुभव जमा होतो आणि पुढे नोकरीही त्यालाच मिळते. सांगोल्याचा किंवा वाशीमचा शेतकऱ्याचा मुलगा, ज्याने लहानपणापासून कबड्डीची मैदाने आखली, तो अर्जाच्या दारातच अडतो. म्हणून निदान राहण्याजेवण्याचा आणि प्रवासाचा खर्च देणे ही मेहेरबानी नव्हे; योग्य माणूस मिळविण्याची ती पहिली अट होय.

दुसरे भय विद्यापीठाच्या बाजूचे आहे. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपणांस ठाऊक आहे. क्रीडासंस्थेच्या पैशाने अभ्यासक्रम चालू लागला की त्या संस्थेचे दोष वर्गात बोलून दाखविण्यास जीभ कचरते. २०१५ साली फिफाच्या अनेक पदाधिकाऱ्यांवर अमेरिकेत लाचलुचपतीचे आरोप ठेवण्यात आले. असे प्रसंग वर्गात मोकळेपणाने अभ्यासले गेले नाहीत, तर विद्यार्थी तिकिटे विकावयास शिकेल, पण विश्वस्ताचे कर्तव्य शिकणार नाही. संस्थेने अनुभव द्यावा, प्रश्न द्यावेत, पैसाही द्यावा. गुण देण्याचा आणि टीका करण्याचा अधिकार मात्र विद्यापीठाने हातचा सोडू नये.

आपल्या प्रांतातही या दिशेने पाऊल पडलेले आहे. भारताचे माजी कसोटी गोलंदाज नीलेश कुलकर्णी यांनी २०१० साली मुंबईत क्रीडाव्यवस्थापनाच्या शिक्षणाची संस्था काढली, आणि २०२० साली तिला राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम मंजूर केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण, महासंघांत खेळाडूंच्या समित्या अशा तरतुदी त्यात आहेत. नियम पाळणारी आणि कागदपत्रे नीट ठेवणारी माणसे नसतील, तर हा कायदा पुस्तकातच राहील.

मग आपल्या गावच्या मंडळाने काय करावे? आमची सूचना अगदी लहान आहे. जवळच्या कॉलेजाशी एका पानाचा लेखी करार करावा. विद्यार्थी कोणते काम शिकणार, त्याला कोण शिकविणार, तो दिवसाचे किती तास देणार, त्याला खर्च किती मिळणार आणि शेवटी तो संस्थेला काय लिहून देणार, एवढ्या पाच गोष्टी त्यात असाव्यात. पहिल्या वर्षी एकच विद्यार्थी घ्यावा आणि एकच प्रश्न द्यावा. चिटणिसाच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरविणे, एवढेच काम त्याला दिले तरी चालेल : स्पर्धा भरविताना कोणती परवानगी कोणत्या कचेरीतून आणि किती दिवस आधी काढावी लागते, पाऊस आला तर काय करावे, कोणत्या वर्षी किती खर्च झाला. अशी एक वही तयार झाली, की नवा चिटणीस पहिल्या दिवशी चाचपडणार नाही, आणि ज्याने ती लिहिली त्याला कोणत्याही वर्गात मिळाले नसते असे शिक्षण मिळालेले असेल.

सेवाभावाची जागा पदवी घेऊ शकत नाही, आणि केवळ सेवाभावावर बारा हजारांची गर्दी सुखरूप आत येत नाही. आपल्या संस्थांपाशी अनुभव आहे, कॉलेजांपाशी तरुण आहेत. त्या तरुणाला वाढपी म्हणून न बोलाविता वारस म्हणून बोलवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.