निष्क्रिय वायूंचीं संयुगें

दौंडाहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर नांवाचें स्टेशन आहे. दि. २२ जानेवारी १८९८ रोजीं तेथें खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यास पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला गेले होते. त्याच ग्रहणासाठीं सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले होते. हेलियमाचा शोध विजयदुर्गावर लागला असें आपल्याकडे पुष्कळदां सांगतात. परंतु त्या वायूची पिवळी रेषा लॉकियर यांनीं सूर्याच्या प्रकाशांत १८६८ सालींच, इंग्लंडांत असतां, पाहिली होती.

त्या ग्रहणाच्याच वर्षीं लंडन येथें रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनीं द्रवरूप हवेंतून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन हे हेलियमाचे भाऊबंद वेगळे काढिले. विद्यार्थिमित्रहो, शिरूर अथवा दौंड येथील आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद व चार मीटर उंच असा एक वर्ग डोळ्यांपुढें आणा. त्यांतील हवेंत आर्गॉन सुमारें अठराशें लिटर भरेल. झेनॉन मात्र जेमतेम तीन चहाचे चमचे!

या वायूंच्या परमाणूंचें बाहेरचें इलेक्ट्रॉन-कवच पूर्ण भरलेलें असतें. त्यांस कोणाकडून कांहीं घ्यावयाचें नसतें व कोणास द्यावयाचेंही नसतें. फ्लोरीन हा महाभक्षक वायु. पण त्याचीही आर्गॉनापुढें मात्रा चालली नाहीं, हें फ्रान्समध्यें म्वासां यांनीं १८९५ सालीं पाहिलें. पुढें पॉलिंग यांनीं झेनॉनाचें फ्लोरीनशीं संयुग होऊं शकेल असें भाकित केलें. त्यावरून १९३३ मध्यें कॅलिफोर्नियांत योस्ट व के यांनीं प्रयोग केला, तोही निष्फळ झाला. तेव्हांपासून 'हे वायु कोणाशींही संयोग पावत नाहींत' हें वाक्य पाठ्यपुस्तकांत जणूं शिलालेखासारखें कोरलें गेलें.

कॅनडांतील व्हँकुव्हर येथें नील बार्टलेट हे प्लॅटिनम-हेक्झाफ्लोराइड नांवाच्या तांबड्या वायूचा अभ्यास करीत होते. हा वायु प्रत्यक्ष प्राणवायूच्या रेणूपासून इलेक्ट्रॉन हिरावून घेतो असें त्यांस आढळलें. ही गोष्टच मुळीं अचंब्याची होती, कारण प्राणवायु हा दुसऱ्यांपासून इलेक्ट्रॉन घेणारा म्हणून प्रसिद्ध. मग त्यांनीं कोष्टक पाहिलें. प्राणवायूच्या रेणूपासून एक इलेक्ट्रॉन सोडविण्यास सुमारें १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी शक्ति लागते, आणि झेनॉनाच्या परमाणूपासूनही जवळजवळ तितकीच! एक लुटला जातो तर दुसरा कां लुटला जाऊं नये? वस्तुतः हे आंकडे कोणासही पाहतां आले असते. परंतु दार बंदच आहे असें सर्वांनीं मानल्यावर तें ढकलून कोण पाहणार?

दि. २३ मार्च १९६२ च्या संध्याकाळीं बार्टलेट यांनीं कांचेच्या उपकरणांतील मधला पडदा फोडून तांबडा वायु व रंगहीन झेनॉन एकत्र येऊं दिले. तत्क्षणीं पिवळसर घन पदार्थ कांचेवर जमला. तो आनंद सांगावा म्हणून ते बाहेर धांवले, तों सगळे भोजनास निघून गेलेले!

त्याच वर्षीं जर्मनीत व अमेरिकेंत झेनॉनाचीं फ्लोराइडें तयार झालीं, व १९६३ पर्यंत क्रिप्टॉनाचेंही झालें. योस्ट व के यांची वाट बरोबर होती. त्यांच्या हातीं यश तेवढें आलें नाहीं. आर्गॉनाचें एक संयुग इ. स. २००० मध्यें हेलसिंकी येथें अतिशीत अवस्थेंत सांपडलें. वातावरणाच्या दहा लाखपटींहून अधिक दाबाखालीं सोडियम व हेलियम एकत्र येतात, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. निऑनाचें मात्र टिकाऊ असें संयुग अद्याप कोणाच्याही हातीं लागलेलें नाहीं.