खो-खोचा भारतीय संघ

ज्याला चेंडू लागत नाही, फळी लागत नाही आणि जाळीही लागत नाही, असा खेळ म्हणजे खो-खो. सपाट मैदान, दोन खांब आणि चपळ पाय एवढ्या सामग्रीवर तो खेळता येतो. म्हणूनच महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांच्या पटांगणांत तो रुजला. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात वेळापूर नावाचे गाव आहे. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहेच; परंतु खो-खोपटूंचे गाव म्हणूनही त्याचा लौकिक आहे. याच गावचा रामजी कश्यप हा खेळाडू सन २०२५ मध्ये जगज्जेत्या ठरलेल्या भारतीय पुरुष संघात होता.

खो-खोची रचना मोठी कुशल आहे. पारंपरिक खेळात पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नऊ गडी असतात. त्यांपैकी आठ जण दोन खांबांमधील पट्टीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा धावतो. रक्षण करणाऱ्या पक्षाचे तीन गडी एका वेळी मैदानात येतात. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडताही येत नाही. रक्षकाला मात्र बसलेल्या गड्यांच्या मधून हवे तसे जाता-येता येते. असे असूनही रक्षक सापडतो, तो 'खो'च्या बळावर. धावणारा आपल्या बसलेल्या सोबत्याच्या पाठीमागे जातो, त्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. सावज समोर दिसत असताना आपला पाठलाग सोडून तो दुसऱ्याच्या हवाली करणे, हे या खेळाचे मर्म आहे. ज्याला एकट्यानेच गडी बाद करण्याचा हव्यास असतो, त्याचा पक्ष सहसा हरतो.

हा खेळ प्राचीन असला, तरी त्याला नियमांची शिस्त विसाव्या शतकात लाभली. सन १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या कामी पुढाकार घेतला. पुढे सन १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच वर्षी हँडबॉल या खेळाला ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला. मध्यंतरी तो वगळला गेला. पण सन १९७२ मध्ये म्युनिक येथे पुन्हा आला आणि जगभर पसरला. खो-खोची वाटचाल याहून मंद गतीने झाली. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा सन १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली आणि पहिली आशियाई स्पर्धा सन १९९६ मध्ये कोलकाता येथे भरली.

यानंतर भारतीय पुरुष संघाने यशाची परंपरा निर्माण केली. सन २०१६ मध्ये आसाम व मेघालय येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने सुवर्णपदक पटकावले. सन २०१९ मध्ये नेपाळमधील स्पर्धांत बांगलादेशाला नमवून ते पदक त्याने राखले. सन २०२३ मध्ये आसाममधील तामुलपूर येथे आशियाई विजेतेपदही त्याने मिळविले. त्या वेळी अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी नेपाळ होता.

पहिली विश्वचषक स्पर्धा नवी दिल्ली येथे १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात झाली. पुरुषांचे वीस संघ तीत उतरले होते. येथे मातीऐवजी चटई होती, एका पक्षाचे सातच गडी खेळत होते आणि सामना सात-सात मिनिटांच्या चार पाळ्यांचा होता. 'वजीर' या गड्याला तर कोणत्याही दिशेने पाठलाग करण्याची मुभा होती. भारतीय संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकर याच्याकडे होते.

पहिल्याच सामन्यात भारताची गाठ नेपाळशी पडली. भारत जिंकला खरा. पण ४२ विरुद्ध ३७, म्हणजे अवघ्या पाच गुणांनी. पुढे ब्राझील, पेरू व भूतान यांच्यावर त्याने सहज मात केली. उपांत्यपूर्व फेरीत श्रीलंकेविरुद्ध तर त्याचे शंभर गुण झाले. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला हरवून भारत अंतिम फेरीत आला, तेव्हा समोर पुन्हा नेपाळच उभा होता.

अंतिम सामन्याच्या प्रारंभीच रामजी कश्यपने हवेत झेपावून, सूर मारून नेपाळचा गडी टिपला. पाठोपाठ सुयश गरगटेनेही गडी बाद केला. पहिल्या पाळीअखेर भारताचे २६ गुण झाले. दुसऱ्या पाळीत नेपाळने १८ गुण मिळवून अंतर कमी केले. तिसऱ्या पाळीत भारताने पुन्हा जोर केला व आपली संख्या ५४ वर नेली. शेवटच्या पाळीतही नेपाळने धीर सोडला नाही. तथापि ५४ विरुद्ध ३६ अशा गुणांनी भारत विजयी झाला. त्याच दिवशी प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघानेही नेपाळलाच ७८ विरुद्ध ४० असे नमवून विश्वचषक जिंकला.

या विजयाचे मोल जाणताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या देशांना हा खेळ नवा होता, त्यांच्यावरील मोठ्या विजयांनी गुणसंख्या फुगते. पण संघाचे खरे बळ कळते ते तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यासमोर. ती कसोटी नेपाळने घेतली. पाच गुणांचा विजय पाहून भारतीय संघ गाफील राहिला असता, तर अंतिम सामन्याचा निकाल कदाचित निराळा लागला असता. इतर देशही आता हा खेळ मन लावून शिकत आहेत आणि ते इष्टच आहे. कारण तोडीचे प्रतिस्पर्धी लाभल्यावाचून कोणताही खेळ जगाचा होत नाही. आपल्या मातीतला खेळ इतरांना मोकळ्या मनाने शिकवावा आणि ते बरोबरीला आले, की आपण आणखी वेगाने धावावे, यातच विजेत्याचा मोठेपणा आहे.