ऊटीची ‘टॉय ट्रेन’ : वाफेचं इंजिन फक्त अर्ध्याच वाटेवर का असतं?

म्हैसूर-ऊटी-कोडाईकनाल ही आपल्याकडची ठरलेली टूर. त्यात ऊटीच्या दिवशी टॉय ट्रेन असतेच. सकाळी नाश्ता करायचा, ऊटी स्टेशनवरून निळ्या-पिवळ्या गाडीत बसायचं, तासाभरात कुन्नूरला उतरायचं, बाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये चढायचं. मोबाईलमध्ये बोगदे, चहाचे मळे आणि वळणावरची गाडी. घरी आल्यावर स्टेटस पडतं, ‘शंभर वर्षं जुन्या वाफेच्या गाडीतून प्रवास’.

पण फोटो नीट झूम करून बघितले तर पुढे असतं डिझेलचं इंजिन.

यात फसवणूक कुणीच केलेली नाही. ऊटी ते कुन्नूर या टप्प्यावर गाडी नेहमी डिझेलवरच चालते. वाफेचं इंजिन लागतं ते कुन्नूरच्या खाली, मेट्टुपालयमकडे जाणाऱ्या घाटात. टूरवाल्यांच्या वेळापत्रकात तो टप्पा सहसा बसत नाही, कारण त्याला वेळ फार लागतो.

मग प्रश्न पडतो. वरच्या टप्प्यावर डिझेल चालतं, तर खालच्या टप्प्यावर का नाही? नव्वदच्या दशकात देशभरातली वाफेची इंजिनं निवृत्त झाली, तरी इथेच ती का उरली? पर्यटकांना गंमत म्हणून ठेवली असतील, असं वाटणं साहजिक आहे. खरं उत्तर मात्र रुळांच्या मधोमध आहे.

आधी चढ समजून घेऊ

निलगिरी माउंटन रेल्वे साधारण ४६ किलोमीटरची आहे. मेट्टुपालयम स्टेशन समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, तर ऊटी म्हणजे उदगमंडलम २,२०३ मीटरवर. तुलनाच करायची तर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. कुन्नूर स्टेशनलाच गाडी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वर पोचलेली असते, आणि ऊटी त्याच्याही वर जवळपास पाचशे मीटर.

ही चढण संपूर्ण वाटेवर सारखी नाही. मेट्टुपालयमपासून पहिलं स्टेशन कल्लार, तिथपर्यंत गाडी जवळजवळ सपाटीवरून जाते. खरा डोंगर कल्लारला सुरू होतो आणि कुन्नूरला संपतो. या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात गाडीला सुमारे १,३०० मीटर वर जायचं असतं. इथला सर्वांत तीव्र चढ १ला १२ आहे, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढलेली असते.

बारात एक म्हणजे किती, हे कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट बघितलेल्यांना लगेच कळेल. तिथे चढ १ला ३७ आहे, तरीही जड गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, ज्यांना आपण बँकर म्हणतो. माथेरानची गाडी त्याहून तीव्र, १ला २० चा चढ चढते. त्यासाठी तिला डोंगराच्या अंगावर सारखी नागमोडी वळणं घ्यावी लागतात.

आता साधा हिशोब करू. शंभर टनांची गाडी असेल तर कसाऱ्याच्या चढावर तिचं स्वतःचंच वजन तिला सुमारे २.७ टन जोराने मागे ओढतं. माथेरानच्या चढावर हाच ओढा ५ टन होतो आणि कल्लार-कुन्नूर घाटात ८ टनांच्या पुढे जातो.

रेल्वेचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. दोघांत घर्षण कमी, म्हणून तर सपाटीवर रेल्वे कमी ताकदीत प्रचंड वजन ओढते. पण तोच फायदा चढावर अंगाशी येतो. इंजिनात कितीही ताकद असली तरी चाकाची रुळावर पकड राहिली नाही, तर चाक जागच्या जागी फिरत बसतं. त्यात निलगिरीतलं धुकं आणि पाऊस.

मग तिसरा रूळ आला

या डोंगरात रेल्वे न्यायचा प्रस्ताव १८५४ सालचा, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यानंतर वर्षभरातलाच. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १८९१ उजाडलं. गाडी कुन्नूरला पोचली १८९९ मध्ये आणि ऊटीला १९०८ मध्ये. ऊटी ही मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी, त्यामुळे सरकारला ही रेल्वे हवीच होती. अडचण चढाची होती.

त्यावरचा उपाय स्वित्झर्लंडमधून आला. रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरने तयार केलेल्या पद्धतीत दोन नेहमीच्या रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवतात. इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाकं असतात. ती या पट्ट्यांच्या दातांत अडकतात आणि गाडी शिडी चढल्यासारखी एकेक दात पकडत वर जाते. घर्षणावर सगळी भिस्त उरत नाही.

पट्ट्या एक नसून दोन असतात, शेजारी शेजारी, आणि त्यांचे दात मुद्दाम मागेपुढे ठेवलेले असतात. एका पट्टीच्या दातातून चाक सुटत असताना दुसऱ्या पट्टीचा दात पकडीत आलेला असतो. पकड कधीच पूर्ण सुटत नाही आणि धक्केही कमी बसतात.

गाडी कल्लारला आली की वेग अगदी कमी करून ती या दातांवर चढवावी लागते. दातात दात बरोबर बसला पाहिजे. तिथून कुन्नूरपर्यंत गाडीचा वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आसपास राहतो. सायकलवाला आरामात पुढे जाईल.

कुन्नूरच्या वर चढ सौम्य होतो, त्यामुळे दातेरी पट्ट्या तिथेच संपतात. पुढचं काम साधं इंजिन करू शकतं, म्हणून तिथे डिझेल लावतात. त्या डिझेल इंजिनाला खाली दातेरी चाकच नाही. ते कितीही ताकदवान असलं तरी खालच्या घाटात त्याचा उपयोग नाही.

एका इंजिनात दोन इंजिनं

घाटात काम करणाऱ्या इंजिनांना ‘एक्स क्लास’ म्हणतात. ही खास याच मार्गासाठी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर शहरातल्या कारखान्यात तयार झाली.

साध्या वाफेच्या इंजिनाला बहुधा दोन सिलिंडर असतात, याला चार आहेत. सपाटीवर फक्त दोन काम करतात आणि नेहमीची चाकं फिरवतात. दातेरी टप्पा आला की उरलेले दोन कामाला लागतात आणि पोटाखालची दातेरी चाकं फिरवतात. गंमत अशी की या दोघांना वेगळी ताजी वाफ देत नाहीत. पहिल्या दोन सिलिंडरमध्ये वापरून झालेल्या वाफेत अजून दाब उरलेला असतो, तीच वाफ पुढच्या दोघांत सोडतात. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेतल्याने पाणी आणि इंधन दोन्ही वाचतं.

तरीही तहान मोठीच. वाटेत हिलग्रोव्ह, रनीमीडसारख्या स्टेशनांवर गाडी थांबते ती मुख्यतः इंजिनाला पाणी पाजायला. आजूबाजूला गाव नाही, जंगलच आहे. प्रवासी खाली उतरतात, चहा पितात, माकडांपासून बिस्किटं वाचवतात. तेवढ्यात इंजिनाची टाकी भरते.

इंजिन मागे, झेंडा पुढे

पहिल्यांदा जाणाऱ्याला सर्वांत विचित्र वाटतं ते इंजिनाचं स्थान. घाट चढताना इंजिन पुढे नसतं. ते सर्वांत मागे राहून डबे ढकलतं.

कारण सुरक्षेचं आहे. इंजिन पुढे असतं आणि जोडणी तुटली असती, तर डबे उताराने सुटले असते. इंजिन मागे असलं की डबे त्याच्यावर टेकलेले राहतात. उतरतानाही हाच नियम, इंजिन कायम उताराच्या बाजूला.

पण मग ड्रायव्हरला पुढचं दिसणार कसं? दिसत नाहीच. म्हणून डब्याच्या पुढच्या टोकाला छोटी गॅलरी असते आणि तिथे ब्रेक्समन उभा असतो. सर्वांत पुढच्या डब्यावरचा माणूस रुळावर नजर ठेवतो. पडलेली दरड, दगड, झाड, कधी हत्ती. काही दिसलं की झेंड्याने मागे खूण करतो. डब्यांचे ब्रेक लावायचं कामही या माणसांचंच. म्हणजे तीन-चार डब्यांच्या या गाडीत डोळे एका टोकाला आणि ताकद दुसऱ्या टोकाला, आणि मधे ही झेंड्याची भाषा.

तुम्ही पहिल्या डब्यात बसला असाल तर तुमच्यापुढे इंजिन नाही, फक्त तो माणूस आणि डोंगर.

मग हे टिकवायचं कसं?

२००५ मध्ये युनेस्कोने निलगिरी रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याआधी १९९९ मध्ये दार्जिलिंगच्या गाडीला तो मिळाला होता, आणि २००८ मध्ये कालका-शिमला मार्गाला मिळाला. दर्जामुळे कौतुक होतं, पण दर्जा बॉयलर दुरुस्त करत नाही.

वाफेचं इंजिन चावी फिरवून सुरू होत नाही. बॉयलर तापून पुरेसा दाब तयार व्हायलाच काही तास जातात, त्यामुळे सकाळच्या गाडीची तयारी रात्री सुरू होते. हे काम येणारी माणसं आता देशात मोजकीच आहेत. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. दातेरी चाकाचा दात झिजला तर तो करून घ्यावा लागतो. जुनी स्विस इंजिनं तर कधीच म्हातारी झाली होती.

अशा वेळी सोपा मार्ग होता. ‘आता परवडत नाही’ म्हणून घाट बंद करायचा आणि कुन्नूर-ऊटी डिझेलवर चालू ठेवायचं. बहुतेक पर्यटकांना फरकही कळला नसता.

रेल्वेने वेगळा मार्ग निवडला. तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक वर्कशॉपमध्ये एक्स क्लासची नवी इंजिनं बांधली गेली. देश मेट्रो आणि वेगवान गाड्यांची चर्चा करत होता, तेव्हा तिथले कारागीर वाफेचं इंजिन नव्याने जोडत होते. आधी तेलावर चालणारी झाली, नंतर कोळशावर चालणारंही झालं. म्हणजे आज घाटात दिसणारं प्रत्येक इंजिन शंभर वर्षांचं असेलच असं नाही. शंभर वर्षं जुनी आहे ती पद्धत, आणि ती चालवण्याचं कसब.

निसर्गाचं आव्हान वेगळंच. निलगिरीच्या या उतारावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीचा पाऊस जोरदार पडतो. दरडी कोसळतात, रुळांवर माती येते, आणि गाडी काही दिवस, कधी काही आठवडे बंद राहते.

एका दिवसात कसं जमवायचं?

सकाळी सातच्या सुमारास गाडी मेट्टुपालयमहून सुटते आणि दुपारी बाराच्या आसपास ऊटीला पोचते. ४६ किलोमीटरला जवळपास पाच तास. वाटेत १६ बोगदे, २०८ वळणं आणि अडीचशे पूल. परतीची गाडी दुपारी दोनच्या सुमारास निघते आणि संध्याकाळी खाली येते. उतरायला साडेतीन तास पुरतात. म्हणजे मनावर घेतलं तर सकाळी चढून संध्याकाळी परत, असा पूर्ण दिवस या गाडीत घालवता येतो.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोइम्बतूरला थेट गाडी आहे. कोइम्बतूरहून मेट्टुपालयम साधारण ३५ किलोमीटर. गाडी सकाळी लवकर सुटत असल्याने आदल्या रात्री मेट्टुपालयमला मुक्काम केलेला बरा.

डबे मोजके आणि मागणी प्रचंड, त्यामुळे आरक्षण सुरू झाल्या झाल्या तिकीट काढावं लागतं. निघण्यापूर्वी वेळ आणि गाडी चालू आहे की नाही, हे तपासायलाच हवं.

आधीच ऊटीला मुक्काम असेल आणि पहाटे खाली जाणं शक्य नसेल, तर दुपारची उतरणारी गाडी कुन्नूरपर्यंत न घेता थेट मेट्टुपालयमपर्यंत घ्या. कुन्नूरला डिझेल सुटतं, वाफेचं इंजिन लागतं आणि दातेरी घाट सुरू होतो. जी गाडी बघायला आलात, ती तिथून पुढे आहे.

आणि हो, १९९८ च्या ‘दिल से’मधलं ‘छैय्या छैय्या’ याच रेल्वेवर चित्रित झालंय. ते बघून टपावर किंवा दारात लटकून रील करायचा मोह होतो. बोगदे अरुंद आहेत आणि कडेला सरळ दरी आहे, त्यामुळे हात-डोकं आत ठेवलेलं बरं. शूट करायचंच असेल तर हिलग्रोव्हला पाणी भरायला गाडी थांबते तेव्हा खाली उतरा, इंजिनाच्या पोटाखाली वाकून बघा आणि रुळांच्या मधली ती दातेरी पट्टी शूट करा. ऊटी ते कुन्नूर प्रवास करून आलेल्या मित्राला पाठवा. त्याच्या फोटोत ती सापडणार नाही.