दौलताबादच्या लोहमार्गावरील डिझेल इंजिनाची प्रतिकृती

निजामाच्या अमदानीत मनमाडहून दौलताबाद व औरंगाबाद या मार्गे हैदराबादकडे नेलेला मीटरगेज लोहमार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रॉडगेज झाला. म्हणून दौलताबाद स्थानकाचा देखावा उभारू पाहणाऱ्या छांदिष्टाने आपण कोणता काळ चितारणार, याचा निवाडा सर्वप्रथम करावा, कारण मीटरगेजसाठी ‘वायडीएम-४’ आणि ब्रॉडगेजसाठी ‘डब्ल्यूडीएम-२’ अशी दोन सर्वस्वी भिन्न इंजिने समोर येतात. येथे ब्रॉडगेजचे इंजिन घेतले आहे.

अमेरिकेतील अ‍ॅल्को कंपनीच्या आराखड्यावरून वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या, २,६०० अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यूडीएम-२’ची बफरांसह लांबी १७,१२० मि.मी. असल्याने १:८७ या प्रमाणात, म्हणजे ‘एचओ’ मापात, ती सुमारे १९७ मि.मी. भरते. खरी मेख रुळांत आहे: आपल्या ब्रॉडगेजचे १,६७६ मि.मी. अंतर या हिशेबाने १९.३ मि.मी. व्हावयास हवे, परंतु बाजारात सर्रास मिळणारे रूळ परदेशी १,४३५ मि.मी. गेजावर बेतलेले, अर्थात १६.५ मि.मी.चे असतात, आणि त्यांवर भारतीय इंजिनाची चाके अंमळ आत ओढल्यासारखी दिसतात. काटेकोर कारागीर आस लांबवून रूळ स्वहस्ते अंथरतो. इतरांनी ही तडजोड बेलाशक पत्करावी.

सांगाडा अर्धा मि.मी. जाडीच्या स्टायरिन पत्र्याचा करावा, लांब हूडच्या दारांच्या रेषा रंगापूर्वीच कोराव्यात आणि कठड्यांसाठी ०.४ मि.मी.ची तांब्याची तार योजावी, कारण याहून जाड तार प्रमाणाचा सारा डौल बिघडविते.