वाघूर : नाव एक, पाणी अनेक

ओपीडीत जुलाबाचा रुग्ण आला की डॉक्टरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : पाणी कुठले पिता? जळगाव, भुसावळ, जामनेर या टापूत त्याचे एक उत्तर वारंवार मिळते, ‘वाघूरचे’. उत्तर खरे असते, पण त्यावरून निदानाला फारशी मदत होत नाही. ते का, हे समजण्यासाठी ही नदी उगमापासून पाहावी लागते.

वाघूर अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. लेण्यांच्या माथ्यावर ती सात कुंडांतून पायरीपायरीने खाली कोसळते आणि काळ्या बसाल्टमध्ये तिने कोरलेल्या घोड्याच्या नालासारख्या दरीतच जगप्रसिद्ध लेणी आहेत. तेथून फर्दापूर, पहूर असे करत ती उत्तरेकडे जाते, जामनेरची कांग नदी पोटात घेते, जळगाव शहराची तहान भागवणाऱ्या धरणात थांबते आणि साकेगावावरून पुढे जाऊन तापीला मिळते.

लेण्यांजवळ तिला ‘वाघोरा’ म्हणतात, खाली खानदेशात ‘वाघूर’. वाघावरून नाव पडले, असे कोणीही सांगेल. त्याला आधारही आहे. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठीच या दरीत आला होता आणि त्याला झाडीत दडलेले लेणे दिसले. पुढे 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रमही खानदेशातल्या वाघांच्या शिकारीसाठी गाजला. मात्र मराठीत ‘वाघूर’ म्हणजे शिकारीचे जाळेही. संस्कृतातल्या ‘वागुरा’चे हे रूप. ससे, हरणे धरायला ती लावत. नदीचे नाव वाघावरून की जाळ्यावरून, याचा निवाडा कागदोपत्री झालेला नाही. ‘वाघोरा’ हे वरच्या अंगाचे रूप पाहता पारडे वाघाकडे झुकते. जाळ्याचा अर्थ शिकाऱ्यांबरोबर विस्मरणात गेला आणि वाघ तेवढा लोकांच्या तोंडी राहिला, असेही झाले असेल.

आता पाण्याकडे. ‘वाघूरचे पाणी’ म्हणजे शहरात शुद्धीकरण होऊन आलेले नळाचे पाणी. काठच्या गावात तेच नाव नदीलगतच्या विहिरीला लागते. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की वाळूत खणलेल्या झिऱ्यालाही लागते. वरच्या गावात गुरे धुतली, उघड्यावर शौच झाले, की पहिल्या पावसात ते सारे खाली वाहत येते. त्यातच काळ्या मातीचा गढूळपणा. मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. तुरटी तो भार मोडते, म्हणून गाळ खाली बसतो. गढूळ पाण्यात टीसीएल टाकले तर बरेचसे क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होते आणि कणांआड जंतू वाचतात. म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल, आणि त्यानंतर तासभर थांबणे. हा क्रम घाईत उलटा केला जातो, तेव्हा त्रास होतो. दिवाळीनंतर धार आटली की पात्रात डबकी उरतात; तिथे मलेरियाचे डास वाढतात, ही गोष्ट वेगळीच.

एकाच नदीचे पाणी कुठून उचलले यावर जगणे-मरणे कसे ठरते, हे 1854 मध्ये लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने दाखवले. दोन कंपन्या थेम्स नदीचेच पाणी पुरवत होत्या. एकीने 1852 मध्ये आपला उपसा शहराच्या वरच्या अंगाला नेला होता. दुसरी शहराची घाण मिसळलेले पाणीच उचलत होती. पटकीच्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू झाले, पहिल्या कंपनीच्या 37. बऱ्याच ठिकाणी या दोघींचे ग्राहक एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी राहत होते.

म्हणूनच ‘वाघूरचे’ या उत्तरावर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारायचा असतो : नळ, विहीर की झिरा? आणि घरच्यांनी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला एवढेच विचारायचे : आज ओटी टेस्ट केली का, आणि शेवटच्या नळाला पाणी पिवळे झाले का?